घडी घातलेलं पान

सोमवार, ३ फेब्रुवारी

दादा,

माझा नंबर तू बंद करून टाकला आहेस हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. आधी वाटलं, तुमच्या नव्या घरी रेंज नसेल. वहिनीचाही लागेना तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. म्हणून आज शाळेतून येताना पोस्टात गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, साधं की रजिस्टर? रजिस्टर केलं तर तुला सही करून घ्यावं लागेल, आणि माझं नाव बघून तू सही करणार नाहीस. साधंच पाठवते आहे.

आडवळणाने बोलायची मला सवय नाही, तेव्हा काय हवंय ते आधीच सांगते. मला खारूशी पाच मिनिटं बोलायचं आहे. फोनवर चालेल, तू शेजारी उभा राहिलास तरी चालेल. तुम्ही सामान घेऊन निघालात तेव्हा ती माझ्याकडे न बघता गाडीत बसली. मी खिडकीपाशी वाकले, तर तिने दप्तर मांडीवर घेतलं आणि त्याची चेन उघडझाप करत राहिली. अकरा वर्षांच्या पोरीने माझ्याशी असं वागावं हे मला अजून पचलेलं नाही.

मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण कसं केलं ते तू ऐकूनच घेतलं नाहीस. वर्गातल्या वहीतलं तिचं एक पान मला फार आवडलं. मी त्याचा फोटो माझ्या पेजवर टाकला. नाव झाकलं होतं, इयत्ता लिहिली नव्हती, शाळेचं नाव तर मी कधीच लिहीत नाही. 'माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलेलं' एवढंच वर घातलं. कौतुकानेच टाकलं ना? तुझी नोकरी जाऊन पाच महिने झाले, तू रोज सकाळी डबा आणि नकाशांची नळी घेऊन घरातून निघतोस आणि मोठ्या दवाखान्याच्या हॉलमध्ये जाऊन बसतोस, यातलं वहिनीला काहीच ठाऊक नाही, हे मला कसं कळणार? ते पान फिरत फिरत तिच्या बहिणीकडे जाईल, आणि बहीण 'वाच, रडू येईल' असं लिहून ते नेमकं तिलाच पाठवेल, हे कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का? औषधांच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तिने ते वाचलं. नळीचा उल्लेख आला तिथे तिने ओळखलं म्हणे.

असो. वाद घालायला लिहायला बसले नव्हते.

शाळेतली एक गंमत सांगते. खेळाच्या सरांनी पालकांच्या ग्रुपवर एका वडिलांना लिहिलं, 'तुमचा मुलगा पळत नाही, कारण तुम्ही त्याला पायरीपर्यंत गाडीने आणून सोडता.' खरं आहे शंभर टक्के. पण ग्रुपवर ऐंशी पालक. दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा. मग आमचे मुख्याध्यापक, आपले मोठे सर, घसा खाकरून म्हणाले की शिक्षकांनी सोशल मीडियावर कसं वागायचं याचे नियम आता हवेतच. आणि ते लिहायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं? माझ्या. कारण माझ्या पेजवर अडतीस हजार माणसं आहेत आणि आजवर एकाचीही तक्रार नाही.

मी हो म्हणाले. शाळेत कुणालाच काही माहीत नाही. तुला दुसरीकडे चांगली नोकरी लागली म्हणून तुम्ही वर्ष अर्धवट टाकून गेलात, असं मी सांगितलं आहे.

रविवारी दुपारी काय करायचं हे मला अजून जमलेलं नाही. एकोणीस वर्षं रविवारी तुमच्याकडे जेवले. आता एकटीपुरतं काही करायला घेतलं की जास्तच होतं, मग तेच सोमवारी डब्यात.

तुझी,
धाकटी


रविवार, १६ फेब्रुवारी

दादा,

उत्तर येणार नाही हे गृहीत धरूनच होते, तरी रोज खाली उतरून पेटी बघते. काल पेटीत नळदुरुस्तीवाल्याची जाहिरात होती. तीही मी वर आणून नीट वाचली.

तुला प्रश्न पडला असेल की तुझा पत्ता मला मिळाला कुठून. नियम लिहायला बसले तेव्हा तोच प्रश्न माझ्याही मानगुटीवर बसला. खारूचा दाखला नव्या शाळेला पाठवला, त्या नोंदवहीत तुमचा घरचा पत्ता आहे. मी कारकुनाला म्हटलं, जरा हजेरीची जुनी वही काढा, आणि तो कपाटाकडे वळला तेवढ्यात पत्ता हातावर उतरवून घेतला. पेनाने, तळहातावर, कॉपी करणाऱ्या पोरांसारखा. त्याने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. नंतर म्हणाला, 'बाई, हात धुवायच्या आधी कागदावर घ्या.' म्हणजे बघ, शिक्षकांनी मुलांच्या माहितीचा कसा वापर करू नये हे लिहिणारी बाई ही अशी.

तरी नियम बरे उतरताहेत. मुलांच्या मैत्रीच्या विनंत्या स्वीकारायच्या नाहीत. पालकांचा ग्रुप फक्त सूचनांसाठी. एकाबद्दलचं बोलणं त्या एकाशीच, समोर बसून. रागात असताना टाइप करायचं नाही, आधी एक तास घ्यायचा. हा नियम खेळाच्या सरांसाठी खास. विज्ञानाच्या बाई वर्गात उभ्या राहून पोरांसकट स्वतःचे फोटो काढतात, त्यांच्यासाठीही एक लिहिला. दुसऱ्यांच्या चुका मला झरझर सुचतात, त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

सातव्या नियमावर मात्र गाडी अडली. मुलांच्या लिखाणाचं काय करायचं?

आता तुला वहीबद्दल सांगायला हवं. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मी मुलांना अर्धं पान लिहायला लावते. काहीही लिहा. चुका काढणार नाही, गुण देणार नाही. एकच नियम, आणि तो मीच केलेला आहे, बावीस वर्षांपूर्वी. ज्याला वाटतं की हे वर्गात वाचून दाखवू नये, त्याने पान मधोमध दुमडायचं. दुमडलेलं पान फक्त बाई वाचणार. मुलं अगदी मन लावून घडी घालतात, नखाने रेघ ओढतात. आणि बावीस वर्षांत मी एकदाही ती घडी मोडली नव्हती. एका मुलाने लिहिलं होतं की आजोबा वारले तेव्हा त्याला रडू आलं नाही. एकीने लिहिलं होतं की ती धाकट्या भावाला चिमटे काढते. कुणालाही सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये चहा पिताना जीभ वळवळायची, तरी नाही.

खारूचं पान दुमडलेलं होतं. फोटोत मधली रेघ सावलीसारखी दिसत होती, म्हणून मी ते पान टेबलावर पसरून त्याच्यावर शब्दकोश ठेवला. दहा मिनिटं. मग फोटो सरळ आला.

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. पाकीट आत्ताच बंद करते, नाहीतर ही ओळ खोडून टाकेन.

धाकटी


गुरुवार, ६ मार्च

दादा,

आज लिहिणार नव्हते. पण दोन चादरी धुतल्या होत्या, आणि चादरीची घडी घालताना दुसरं टोक धरायला कुणी नसलं की ती जमिनीवर लोळतेच. मी अर्धी चादर खांद्यावर टाकून खोलीभर फिरले. मग तशीच बोळा करून कपाटात कोंबली आणि तुला लिहायला बसले.

तुम्ही गेल्यावर कळलेलं एक सांगायचं होतं. ते पान मुलांच्या घरीही पोचलं होतं. आया वाचतात, ताया वाचतात, मुलं खांद्यावरून बघतात. वर्गात अक्षर सगळ्यांना ओळखू येतं. खारू अक्षरांवर रेघ किती लांब ओढते ते तुला माहीत आहे. शिवाय खारूने तुला पाहिलं त्या दिवशी दात तपासायला दवाखान्यात सगळा वर्गच गेला होता, मी तेवढी शाळेत थांबले होते. तिच्या बाकावरची मुलगी काल माझ्याजवळ रडली. म्हणाली की मधल्या सुट्टीत काही जण खारूला विचारायचे, 'तुझ्या बाबांचा नंबर लागला का?' आठवडाभर चाललं होतं हे. मी त्याच वर्गात उभी राहून शिकवत होते.

तिने मला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? मलाच ना.

मला त्या आठवड्यात काय दिसत होतं सांगू? अकरा हजार लोकांना आवडलं, बारा हजार झाले, कुणी लिहिलंय 'अशा बाई आम्हाला मिळायला हव्या होत्या', कुणी लिहिलंय 'बाई, तुमच्या पायांची धूळ'. मी उत्तरं देत बसले होते. सगळ्यांना, एकेकाला, हात जोडलेलं चित्र टाकून. घरात दुसरं कुणी नाही, दादा. संध्याकाळी दार उघडलं की सकाळी टाकलेली चप्पल जिथल्या तिथे असते. त्या पेजवर निदान कुणीतरी 'बाई, जेवलात का' असं विचारायचं. ओळख ना पाळख, पण विचारायचं. मी त्याला भुलले. ही सबब आहे हे मला कळतंय, तरी लिहून ठेवते.

धाकटी


शनिवार, २२ मार्च

दादा,

काल सभा झाली. तुला सगळं सविस्तर सांगते, कारण सांगायला दुसरं माणूस नाही.

मधल्या हॉलमध्ये सगळे चोवीस शिक्षक, पुढे मोठे सर, आणि कोपऱ्यात खेळाचे सर मान खाली घालून. त्यांच्याकडून लेखी माफी घ्यायची ठरली होती आणि ती त्यांनी माझे नियम वाचून झाल्यावर वाचायची होती. म्हणजे आधी कायदा, मग गुन्हेगार. मी उभी राहिले. एकपासून सहापर्यंत घडाघडा वाचलं. लोक माना डोलवत होते, विज्ञानाच्या बाई तेवढ्या माझ्याकडे रोखून बघत होत्या.

सातवा मी कागदावर असा लिहिला होता: मुलांनी विश्वासाने लिहिलेलं काहीही, नाव झाकूनसुद्धा, त्यांना आणि घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नये. तो मी वाचलाच नाही. मग कागद टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं. ते गाजलेलं पान माझ्या भाचीचं होतं. दुमडलेलं होतं. तिला विचारलं नव्हतं. माझ्या भावाला नोकरी लागलेली नाही, तो घर मोडायला नको म्हणून गाव सोडून गेला आहे, आणि त्याला जायला मी भाग पाडलं.

 मग विज्ञानाच्या बाई हळूच म्हणाल्या, 'पण किती सुंदर होतं हो ते.' त्यांना चांगलंच बोलायचं होतं. मला मात्र खाली बसावं लागलं.

मोठे सर घसा न खाकरता बोलले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढच्या वर्षी मी वर्गशिक्षिका नसेन. वहीचा तास बंद नाही, पण तो मी घ्यायचा नाही. पालकांना काय कळवायचं ते ते ठरवतील. मी म्हटलं, बरोबर आहे. आणि खरंच बरोबर आहे.

खेळाच्या सरांनी माफी वाचली, चार ओळींची. नंतर फाटकापर्यंत ते माझ्याबरोबर आले. मला वाटलं, आपण त्यांच्या लाजेतला वाटा उचलला, आता आभार मानतील. एवढी वर्षं नोकरी करूनही माझा भोळेपणा जात नाही. ते म्हणाले, 'बाई, मी एका बापाला बोललो. त्याने मला दुप्पट सुनावलं, फिटंफाट झाली. तुमच्या भाचीने कुणाला सुनवायचं?'

घरी येऊन पेज बंद केलं. ते यंत्र दोनदा विचारतं, नक्की बंद करायचं का? तिसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित मी नाही म्हटलं असतं.

तर दादा, मी सगळ्यांसमोर कबूल केलं आहे. काही राखून ठेवलेलं नाही. आता तरी खारूला फोन देशील?

धाकटी


सोमवार, ७ एप्रिल

दादा,

वहिनीचं पत्र आलं. तू पाठवायला सांगितलं नसशील हे मला माहीत आहे. तिच्यावर रागावू नकोस. दुकानातल्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय, सातच ओळी. पाठ झाल्या आहेत, पण तशाच उतरवते.

'तुमची पत्रं मिळतात. हे फोडत नाहीत, मी फोडून वाचते आणि परत कपाटावर ठेवते. खारूला दाखवलेली नाहीत. चार पत्रांत तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत, खारूबद्दल लिहिलंत, शाळेबद्दल लिहिलंत. तुमचा भाऊ कसा आहे हे एकदाही विचारलं नाहीत. खारू सांगते की त्या पानावर आणखी दोन ओळी होत्या. तुम्ही त्या कापल्यात.'

हो, कापल्या.

काही राखून ठेवलेलं नाही असं मी मागच्या पत्रात लिहिलं, तेव्हाही त्या मला आठवत होत्या. सभेत आठवत होत्या. पहिल्या पत्रात 'वहिनीला ठाऊक नाही हे मला कसं कळणार' असं लिहिलं, तेव्हा तर त्या डोळ्यांसमोर होत्या. वहिनी, हे तूही वाचते आहेस, म्हणून तुझ्यासमोरच सांगते.

पान असं होतं. शाळेने आम्हाला दात तपासायला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे हॉलमध्ये बाबा बसले होते. त्यांच्या मांडीवर डबा होता आणि नळी भिंतीला टेकवली होती. सगळ्यांच्या हातात नंबर होते. बाबांच्या हातात नंबर नव्हता. भिंतीवर नंबर लागला की सगळे वर बघायचे. बाबापण वर बघायचे.

लोकांनी इथपर्यंत वाचलं. इथे फोटो संपतो. याच्या खाली एक रेघ सोडून तिने लिहिलं होतं:

'आईला हे माहीत नाही. आत्या, तू बाबांशी बोलशील का?'

वर्गात ती मला चुकूनही आत्या म्हणत नसे. बाईच म्हणायची, घरी आल्यावरसुद्धा पहिला अर्धा तास बाई म्हणायची आणि मग आपणच हसायची. वहीत तिने आत्या लिहिलं, कारण तिने बाईंसाठी लिहिलंच नव्हतं. आणि मी ते का कापलं? आत्या शब्दामुळे ओळख पटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. 'बाबापण वर बघायचे' इथे थांबलं की फार छान वाटत होतं. खालच्या दोन ओळींनी त्याची मजा जात होती. मी बावीस वर्षं मुलांना निबंधाचा शेवट कसा करावा ते शिकवते. तिच्या पानाचाही मी शेवट सुधारला.

शुक्रवारी मी ते वाचलं. शनिवारी सकाळी टाकलं. आणि रविवारी तुमच्याकडे जेवायला आले, दादा. तू समोर बसला होतास. ऑफिसातल्या नव्या साहेबाची नक्कल करून दाखवत होतास, जो साहेब नव्हताच. वहिनी हसत होती. मला सगळं माहीत होतं. मी पण हसले, आणि टेबलाखाली फोन धरून किती झाले ते बघत होते. खारू जेवता जेवता एकदा माझ्याकडे, एकदा तुझ्याकडे बघत होती. मी बोलेन म्हणून ती वाट बघत होती. मला वाटलं, तिला भाजी नको आहे.

आता माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, आणि दोन्हींत पुन्हा मीच मध्ये येते. खारूचा फोनही नको. तिला वाटेल तेव्हा करेल, नाही वाटलं तर नाही. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. उशीर झाला आहे, पण ती करते.

दादा, कसा आहेस? नोकरी गेली त्या दिवशी तुला कुणी सांगितलं, बसवून सांगितलं की चिठ्ठी दिली? तू तिथून घरी कसा आलास? आम्हाला सांगावंसं वाटलं नाही, यात माझा हात किती? मी नेहमी तुझी चेष्टा करायचे, दादा कधी चुकत नाही, दादाचं कधी अडत नाही, म्हणून का? दवाखान्यातल्या त्या हॉलमध्ये पाच महिन्यांत तुझ्याशी कुणी बोललं का? डबा कुठे खायचास? पाठ दुखते का अजून?

तिथे काम मिळालं का? नसेल मिळालं, तर दिवसभर कुठे बसतोस?

मला लिही. दोन ओळी लिही, वहिनीसारख्या बिलाच्या मागे लिही. मी कुणालाही सांगणार नाही.

धाकटी